पुणे नावाचा विषय

पुणे हा विषय होता. अजूनही आहे, आणि एकदा निघाला की लवकर आटपत नाही, अशी पुण्याबाहेरच्यांची तक्रार असते. पण मी म्हणतो तो विषय ताम्रपटांतला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या परिसराला 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' म्हटले आहे. ७६८ च्या ताम्रपटात काही गावांचीही नावे येतात. त्यांतले 'अरलुव' म्हणजे आजचे उरुळी आणि 'सिंदिग्राम' म्हणजे शिंदवणे, असे अभ्यासक मानतात. सोलापूर रस्त्याने जाताना उरुळी कांचनला चहाला थांबलो, की एसटीच्या पाटीवरचे हे नाव साडेबाराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेले होते, हे आठवते आणि चहा निवून जातो.

विषय म्हणजे तेव्हाचा राज्याचा एक भाग, आजच्या जिल्ह्यासारखा. संस्कृतात डोळ्याचा विषय रूप, कानाचा विषय शब्द. इंद्रियाची धाव जिथवर, तिथवर त्याचा विषय. त्याच चालीवर राजाचा हुकूम जिथवर चालतो तेवढी जमीन हा राजाचा विषय. विषयांतर करायचे तर तेव्हा नदी ओलांडावी लागत असणार. आता हा शब्द शाळेच्या वेळापत्रकात आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत राहिला आहे. जमीन त्याच्या हातून केव्हाच गेली.

राजाच्या ताब्यातल्या मुलखाला माणसे काय काय म्हणत आली, याचा नाद मला या एका शब्दामुळे लागला. त्यात अभ्यास कमी आणि रेंगाळणे जास्त. पण रेंगाळता रेंगाळता एवढे ध्यानात आले, की या शब्दांत एक हिशेब मांडून ठेवलेला असतो. जमीन कोणाची, पिकवणार कोण आणि खाणार कोण, याचा.

लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याची लेणी गाठावीत. तिथल्या सातवाहनकाळच्या शिलालेखांत 'मामालाहार' असे नाव आहे. मामाल म्हणजे आपले मावळ, आणि आहार म्हणजे त्या काळचा जिल्हा. नाशिकच्या लेण्यांत 'गोवर्धनाहार' येतो, तोही असाच. आज आहार म्हटले की आहारतज्ज्ञ आठवतात आणि भाकरी की पोळी हा वाद सुरू होतो. पण या शब्दातला धातू आणण्याचा आहे. जिथून आणले जाते तो आहार. मग आणायचे ते धान्य असो, कर असो, नाहीतर वेठीला धरलेली माणसे. पुढे गुप्तांच्या राज्यात मोठ्या प्रांताला 'भुक्ति' म्हणू लागले, म्हणजे सरळ उपभोगच. आणि आज सातबाऱ्यासाठी आपण जिथे खेटे घालतो ती तहसील कचेरी. तहसील हा शब्द अरबी, आणि त्याचा अर्थ वसुली. घराणी बदलली, भाषा बदलल्या, लिप्या बदलल्या, जमिनीच्या नावातली वसुली मात्र चुकली नाही.

ही गोष्ट आपण दरवर्षी मोठ्याने म्हणतो, फक्त ऐकत नाही. गणपतीत आमच्या सोसायटीत आरत्या संपल्या की मंत्रपुष्पांजली होते. इतका वेळ झांजा घेऊन पुढे असलेली पोरे मागे सरकतात, कारण ही त्यांना पाठ नसते. दोन-चार वडीलधारे सूर लावतात. ज्यांना येत नाही ते ओठ हलवत राहतात आणि शब्दांची शेपटे तेवढी जोरात ओढतात. मुठीतल्या झेंडूच्या पाकळ्या घामाने ओल्या झालेल्या असतात आणि निम्म्यांचे डोळे खिरापतीच्या डब्याकडे असतात. या गडबडीत आपण देवापुढे वाचत असतो ती राजसत्तेच्या प्रकारांची यादी असते. साम्राज्य आहे, वैराज्य आहे, भौज्य आहे, स्वाराज्य आहे. इतके राजकारण दुसऱ्या कुठल्या आरतीत नसेल.

ही यादी ऐतरेय ब्राह्मणातली. तिथे इंद्राच्या अभिषेकाचे, म्हणजे ऐंद्र महाभिषेकाचे प्रकरण आहे, आणि त्यात दिशेगणिक सत्तेचे नाव बदलते. पूर्वेकडच्या प्राच्यांच्या राजांना अभिषेक होतो तो साम्राज्यासाठी, ते सम्राट. दक्षिणेकडच्या सात्वतांच्या राजांना भौज्यासाठी, ते भोज. पश्चिमेकडच्यांना स्वाराज्यासाठी, ते स्वराट. हिमालयापलीकडच्या उत्तरकुरू आणि उत्तरमद्रांचे वैराज्य. आणि मध्यदेशातल्या कुरू-पांचालांचे नुसते राज्य, त्यांचे राजे नुसते राजे. अगदी मधोमध राहणाऱ्याला सगळ्यांत साध्या शब्दावर भागवावे लागले, हे सदाशिव पेठेतल्या माणसाने मनाला लावून घेऊ नये.

याच प्रकरणात अभिषिक्त राजाची द्वाही फिरते तेव्हा त्याला जी बिरुदे लावली आहेत त्यांत एक आहे 'विशामत्ता'. विश् म्हणजे प्रजा आणि अत्ता म्हणजे खाणारा. प्रजेला खाणारा! हे कोणा विरोधकाने चिडून म्हटलेले नाही. सिंहासनावर बसलेल्याचा तो उघड गौरव आहे. भौज्य या शब्दातही भोगण्याचा आणि खाण्याचाच धातू आहे; भोजन आणि भोज सख्खे भाऊ. आपल्याकडे अधिकारी पैसे 'खातो', कंत्राटदार रस्ता 'खातो', आणि एखादे खाते कोणाचे तरी 'चराऊ कुरण' असते. आपल्याला वाटते ही अलीकडची बाजारू बोली. तिची मुळे अभिषेकाच्या मंत्रांत आहेत.

यादीतले भोज पुण्यापासून फार लांब नव्हते. कामशेतहून पवनेच्या बाजूला बेडसे लेणी आहेत. कार्ल्याइतकी गर्दी तिथे नसते. पायऱ्या चढून गेल्यावर कातळात खोदलेले एक पाण्याचे टाके आहे आणि त्यावर ब्राह्मीतला एक छोटा लेख. महाभोजाची मुलगी, महारठीची बायको, सामडिनिका नावाची; तिने हे टाके दान दिले. माहेर भोजांचे, सासर महारठींचे, दोन्हीकडे सत्ता. त्या महाभोजाच्या ताब्यात किती गावे होती आणि महारठीच्या किती, हे त्या दगडावर नाही. लेकीने पाण्याची सोय केली, तेवढी नोंद आहे. खाणाऱ्यांच्या वंशावळीत पाजणारी एक निघाली, आणि नाव तिचे राहिले.

आता 'राज्य' या साध्या शब्दाकडे येऊ. राज्य म्हणजे आधी जमीन नव्हे. राजाचा भाव किंवा राजाचे कर्म ते राज्य, अशी व्याकरणाने त्याची फोड होते, म्हणजे राजेपण. जमिनीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मग राजा म्हणजे कोण? इथे दोन तट पडतात. एक धातू 'राज्', शोभणे, झळकणे. दुसरा 'रञ्ज्', रंजवणे, संतुष्ट ठेवणे. महाभारताच्या शांतिपर्वात पृथू राजाची कथा आहे. त्याने प्रजेला संतुष्ट केले म्हणून तो राजा, असे तिथे सांगितले आहे, आणि कालिदासानेही रघुवंशात हीच व्युत्पत्ती उचलली. भाषाशास्त्रज्ञांना ती पटत नाही. ते राजन् या शब्दाचे नाते लॅटिनमधल्या 'रेक्स'शी जोडतात आणि त्या कुळाचा मूळ अर्थ सरळ रेषेत नेणे, वाट दाखवणे असा लावतात. इंग्रजीतला रीजन आणि जर्मनांचा राइख त्याच कुळातले. म्हणजे राजाने झळकावे, रंजवावे की वाट दाखवावी, यावरच एकमत नाही. पृथूच्याच कथेत पुढे पृथ्वी गाय होते आणि राजा तिची धार काढतो. खाण्याचा मुद्दा तिथेही निघालाच. फक्त धार काढायची तर गाय जगवावी लागते, एवढी अक्कल त्या कथेत आहे.

पुण्यातून वाढलेल्या राज्याने आपल्या मुद्रेसाठी कोणता धातू घेतला, हे पाहण्यासारखे आहे. शिवाजीराजांच्या संस्कृत मुद्रेचे शेवटचे क्रियापद 'राजते' आहे. झळकते, शोभते. आणि ती झळकते कशासाठी, तर लोककल्याणासाठी, असे ती मुद्राच सांगते. त्या वेळच्या दख्खनेत शिक्के बहुतेक फार्सीत असत. त्यांत धन्याचे नाव असे, इमानाची ग्वाही असे. हा शिक्का काय करणार ते सांगतो.

अर्थात रोजच्या कारभाराला संस्कृत पुरत नव्हते. तिथे फार्सी-अरबी शब्द घरातलेच झाले होते. त्यांत माझा सगळ्यांत लाडका 'मुलूख'. मालक, मलिक आणि मुलूख एकाच अरबी धातूचे. मुळात मालकी आणि हुकमत. पण मराठीने त्या मालकाला कसे घोळात घेतले पाहा. माझी आजी मला 'मुलखाचा वेंधळा' म्हणायची. म्हणजे एका अख्ख्या राज्यात शोधून सापडणार नाही असा. कोणी चार लोकांसारखा वागला नाही की तो 'मुलखावेगळा'. विजापूरला एक अजस्र तोफ आहे, १५४९ साली अहमदनगरात ओतलेली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे मैदानाचा राजा. मराठीने तिला 'मुलूखमैदान' करून टाकले. राजा गेला, मुलूख राहिला, आणि वर सभेत गरजणाऱ्या वक्त्यालाही ते नाव मिळाले.

'दौलत' हाही असाच. पेशवेकालीन पत्रांत मराठ्यांची दौलत म्हणजे मराठ्यांचे राज्य. शब्दाच्या मुळात फिरण्याचा, पालटण्याचा अर्थ आहे. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ज्याने राज्याला हा शब्द लावला त्याला राजांचा चांगला अनुभव असावा. 'रियासत' आली ती रईस या शब्दावरून, म्हणजे मुख्य, पुढारी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मराठ्यांचा इतिहास 'मराठी रियासत' या नावाने खंडामागून खंड लिहिला आणि लोकांनी त्यांना रियासतकार ही पदवी देऊन टाकली. त्यांनी बडोद्याला सयाजीरावांच्या पदरी नोकरी केली आणि उतारवयात कामशेतला राहिले. राज्य न करता ज्याच्या नावामागे रियासत लागली असा हा एकच मराठी माणूस.

यापुढच्या दोन शब्दांत फरक आहे, आणि तो नीट कळल्याशिवाय पुण्याचा इतिहास कळत नाही. जहागीर आणि वतन. जहागीर फार्सी, जागा धरून असणे. चाकरीच्या बदल्यात सुलतान एखाद्या परगण्याचे उत्पन्न सरदाराला तोडून देई. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांची जहागीर होते. आधी मालोजींकडे, मग शहाजींकडे. धनी बदलले, निजामशाही जाऊन आदिलशाही आली, तरी हे परगणे घराण्याकडे राहिले. पण तत्त्वाने जहागीर काढून घेता येत असे. देणाऱ्याची मर्जी फिरली, चाकरी चुकली, की संपली. वतनाचे तसे नाही. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण. ही बापाकडून मुलाकडे जाणारी. वतन या अरबी शब्दाचा अर्थच मायभूमी, घर. घरातून माणसाला काढणार कसे? वतनासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठले, पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, आणि धनी कोणीही असो, वतनदार जागचा हलला नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले तेव्हा नव्या राजाला त्यांनी शत्रूइतकेच या वतनदारांबद्दल सावध केले. हे लोक म्हणायला चाकर, पण खरे पाहता राज्याचे वाटेकरी, असा त्यांचा रोख आहे.

शिवाजीराजांचा कल जहागिरी देण्यापेक्षा रोख पगार देण्याकडे होता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्यांनी पदांची नावेही बदलली आणि राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला. नवी नावे सगळीच टिकली असे नाही. पुणे ज्यांच्यामुळे गाजले ते पंतप्रधान लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत पेशवेच राहिले. सचिव मात्र टिकला. तो भोरला राजा झाला, मंत्रालयात अधिकारी झाला, आणि आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरची बिले तपासतो.

या सगळ्या गर्दीत 'स्वराज्य' हा शब्द माझ्या डोळ्यांपुढे नेहमी भगव्या झेंड्यासारखा उभा राहिला आहे. शाळेपासून तसाच शिकलो. म्हणून तो वसुलीच्या कागदात भेटला तेव्हा जरा दचकलो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू महाराजांसाठी तीन सनदा घेऊन आले. एक दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची, एक सरदेशमुखीची आणि एक स्वराज्याची. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी शेकडा दहा. आणि स्वराज्य म्हणजे जिथला सगळा अंमल छत्रपतींचा असा नेमका मुलूख. त्याची यादीच आहे. पुणे, सुपे, बारामती, इंदापूर, मावळ, वाई, जुन्नर, सातारा, कऱ्हाड, खटाव, माण, फलटण अशी नावे तीत एकाखाली एक येतात. शिवाय कोकणातले परगणे आणि तुंगभद्रेच्या बाजूचे काही. त्या बदल्यात दहा लाखांची पेशकश कबूल केली होती आणि चौथाईसाठी बादशहाच्या मदतीला पंधरा हजार फौज ठेवायची होती. स्व-राज्य खरे, पण त्यावर शिक्का दिल्लीचा.

त्याच सनदांबरोबर येसूबाई सुटून परत आल्या. रायगड पडल्यापासून जवळजवळ तीस वर्षे त्या मोगलांच्या कैदेत होत्या. सनदांतल्या परगण्यांची यादी अभ्यासकांना पाठ असते. त्या बाईंना साताऱ्याच्या वाटेवर पुन्हा आपला मुलूख दिसला तेव्हा त्याला कोणत्या सदरात घालायचे, हे त्यांना कोणी विचारले नसेल.

या कागदाने मराठी माणसाच्या डोक्यात जगाचे दोन भाग केले. एक स्वराज्य, दुसरा मोगलाई. निजामाच्या मुलखाला आपण शेवटपर्यंत मोगलाईच म्हणत राहिलो, आणि अजूनही कोणी दांडगाई केली की 'मोगलाई लागून गेली काय?' असे सुनावतो. पण स्वराज्याबाहेर जाऊन चौथाई गोळा करायची तिला आपले नाव होते मुलूखगिरी. ती आपल्याला पराक्रमाची वाटते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले, आणि तिथल्या आया अजूनही पोरांना झोपवताना जी अंगाई म्हणतात तिच्यात बर्गी आल्याची आणि आता कर कशातून भरायचा याची धास्ती आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या बखरीत जो पराक्रम आहे, तो दुसऱ्याच्या अंगाईत असा आहे. विशामत्ता कुठल्या एका घराण्याचा नव्हता.

१७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्यांना ठेवायचे त्यांना इंग्रजांनी ठेवले, आणि त्यांच्या मुलखाला मराठीत नाव पडले 'संस्थान'. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे नाईक निंबाळकर. संस्थान म्हणजे नुसते थांबणे, ठिकाण. ना झळकणे, ना वाट दाखवणे. देवस्थानांनाही हाच शब्द लागू असल्याने राजा आणि देव एका नावाखाली आले. दोघांनाही पूजा होती आणि दोघांचाही कारभार दुसरेच कोणी पाहत होते.

अशा वेळी स्वराज्य हा शब्द पुण्याने परत मागितला. १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून दादाभाई नवरोजींनी तो उच्चारला. टिळकांनी तो मंडालेहून आल्यावर गावोगाव नेला. १९१६ साली बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, आणि त्याच सुमारास बेळगाव आणि अहमदनगर इथे टिळकांची मराठीत भाषणे झाली. सरकारने ती राजद्रोही ठरवली आणि पुण्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला. भाषणांतला मुद्दा साधा होता. बादशहा राहू द्या, मधला कारभार आमच्या हाती द्या. दोन शतकांपूर्वी स्वराज्य म्हणजे राजाचा स्वतःचा मुलूख होता. आता त्यातला 'स्व' सभेला खाली बसलेल्या माणसाचा झाला. अक्षर एकही बदलले नाही, मालक बदलला. वीस हजारांचा मुचलका मागण्याइतकी ती गोष्ट सरकारला महाग वाटली, यात आश्चर्य नाही.

आणि एका राजाला ती पटलीही. औंधचे संस्थान छोटे, बहात्तर गावांचे. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रकलेसाठी प्रसिद्ध. किर्लोस्करवाडी त्यांच्याच हद्दीत वसली. १९३९ साली, देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या आठ वर्षे आधी, त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन कारभार प्रजेच्या पंचायतींकडे सोपवला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी तिच्यासाठी खपून काम केले. प्रजेला खाणारा म्हणून ज्याचा अभिषेक होत आला, त्या परंपरेतल्या एकाने ताट आपण होऊन पुढे सरकवले. ८ मार्च १९४८ ला औंध, भोर, फलटण ही दख्खनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. भोर आज पुणे जिल्ह्यातला एक तालुका आहे.

राजे गेले, पण संविधानाने शब्द ठेवला तो 'राज्य'च. भारत हा राज्यांचा संघ आहे, असे पहिल्याच अनुच्छेदात लिहिले आहे. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्र राज्यात राहतो. राजा नसलेले राज्य म्हणजे नुसते राजेपण, आणि ते आपल्या सगळ्यांत वाटून दिलेले. व्याकरणाच्या दृष्टीने याहून शुद्ध वापर नसेल.

वापर शुद्ध, तोंडे मात्र जुनी. निवडणुका आल्या की कोणताही मराठी पेपर उघडावा. अमुक मतदारसंघ अमक्याचा 'बालेकिल्ला', तमुक तालुका तमक्यांची 'जहागिरी'. कॉलेजे काढणारा 'शिक्षणसम्राट', कारखाने चालवणारा 'सहकारसम्राट', आणि जिल्ह्यात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो 'संस्थानिक'. ऐतरेय ब्राह्मणात दिशेला एक बिरुद होते. आपल्याकडे प्रभागाला एक आहे. आणि प्रभागातून जो निवडून जातो त्याचे नाव आहे नगरसेवक. आहार, भुक्ति, तहसील, दौलत, मुलूख या सबंध वंशात चाकरीचा असा उघड शब्द दुसरा सापडत नाही. तो आपण पाटीवर लिहितो आणि पाटीखाली बसलेल्याला 'राजे', 'साहेब', 'दादा' म्हणत उभे राहतो. त्याच्यामागून त्याचा मुलगा उभा राहिला की 'वारसा' म्हणतो, आणि सून उभी राहिली की गुलाल आणतो.

सांगायचे ते एवढेच. सत्ता द्यावी लागणार. त्याशिवाय कुठलाही मुलूख चालत नाही. पण आपल्याच पूर्वजांनी देण्याच्या दोन रीती ओळखल्या होत्या आणि त्यांतला फरक रक्त सांडून शिकले होते. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेताना तो आठवावा. आपण पाच वर्षांची जहागीर देत आहोत, चाकरीच्या बदल्यात, काढून घेण्याच्या अटीवर. वतन कोणालाही देऊ नये.